लोकशाहीचा वकील

बेळगावच्या सार्वजनिक जीवनात जानेवारीच्या दोन तारखा एकमेकींना लागून आहेत. १७ जानेवारी हा हुतात्म्यांचा दिवस. आमच्या भाषेच्या राज्यात आम्हांला राहू द्या, एवढेच मागणाऱ्या लोकांवर १९५६ साली या दिवशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि सीमाभागाच्या मातीवर मराठी माणसाचे रक्त सांडले. त्या तारखेला दरवर्षी शहर थांबते, हार वाहिले जातात, घोषणा होतात. दुसऱ्या दिवसाची, म्हणजे १८ जानेवारीची आठवण मात्र आता थोड्यांनाच उरली आहे. १९७१ साली त्या दिवशी याच बेळगावात बॅरिस्टर नाथ पै यांनी अखेरचा श्वास घेतला. आदल्याच दिवशी ते हुतात्मादिनाच्या सभेत बोलले होते. हृदयविकार जडलेला होता, लोकसभेच्या मध्यावधी निवडणुका तोंडावर आल्या होत्या, आणि बेळगाव काही त्यांचा मतदारसंघ नव्हता. तरीही ते आले. येथील मराठी माणसाची बाजू मांडणे हेच त्यांचे शेवटचे सार्वजनिक काम ठरले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते.

या योगायोगाला आम्ही केवळ भावनेचे मूल्य देत नाही. हुतात्म्यांनी या लढ्याला रक्त दिले. नाथ पै यांनी त्याला पद्धत दिली. रक्ताचे ऋण आपण निदान वर्षातून एकदा तरी मान्य करतो. पद्धतीचे ऋण मात्र आपण विसरून गेलो आहोत, आणि आजच्या आपल्या दुबळेपणाचे एक मोठे कारण याच विस्मरणात आहे. म्हणून या थोर वकिलाच्या जीवनाकडे आज पुन्हा एकदा डोळे उघडून पाहणे अगत्याचे वाटते.

२५ सप्टेंबर १९२२ रोजी वेंगुर्ल्यास त्यांचा जन्म झाला. पितृछत्र लहानपणीच हरपले. शिक्षणासाठी ते घाट चढून बेळगावास आले, आणि या शहराने त्यांना आपले म्हटले. कोकणातून वर येणाऱ्या कित्येक पिढ्यांना बेळगावने विद्या दिली, अन्न दिले, आसरा दिला. नाथ पै हे त्याच परंपरेतले. १९४२ च्या लढ्यात त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास पत्करला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला जाऊन लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन बाहेर पडले. बॅरिस्टरी म्हणजे त्या काळी घरी लक्ष्मी चालत येण्याचा राजमार्ग. नाथ पै यांच्याजवळ बुद्धी होती, वाणी होती, रुबाब होता, अनेक भाषांवर प्रभुत्व होते. मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांनी नुसते पाऊल टाकले असते, तरी पक्षकारांची रांग लागली असती.

त्यांनी तो मार्ग धरला नाही. युरोपात असतानाच ते समाजवादी तरुणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत अग्रभागी आले आणि पुढे तिच्या अध्यक्षपदी निवडले गेले. पारतंत्र्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशाच्या तरुणाला हा मान मिळावा, ही साधी गोष्ट नव्हती. परंतु परदेशातील मान-मरातबात रमून राहण्याचा त्यांचा पिंड नव्हता. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीने सारा मराठी मुलूख ढवळून निघाला, आणि राजापूर मतदारसंघाने या तरुण बॅरिस्टरला लोकसभेत पाठविले. १९६२ साली लाट ओसरली होती. तरी राजापूरने त्यांनाच निवडले. १९६७ साली पुन्हा त्यांनाच. लाटेवर निवडून येणारे पुष्कळ असतात. लाट ओसरल्यावरही ज्याला लोक सोडत नाहीत, तोच खरा लोकप्रतिनिधी.

त्यांचा प्रजासमाजवादी पक्ष संसदेत कधीच मोठा नव्हता. १९५७ साली त्याचे १९ सभासद निवडून आले, १९६२ साली १२ आणि १९६७ साली १३. पाचशेहून अधिक सभासदांच्या सभागृहात तेरा माणसे ती काय करणार, असा प्रश्न आकडे मोजणारा सहज विचारील. नाथ पै यांच्या चौदा वर्षांच्या संसदीय जीवनाचे उत्तर असे की, तेरातला एक अभ्यासू असेल, तर पाचशेंना ऐकावे लागते. मतदानात सरकार जिंकत असे. पण वादात जिंकलेच असे सरकारला स्वतःलाही छातीवर हात ठेवून सांगता येत नसे. नाथ पै उभे राहिले, की बाके भरत. हे केवळ वक्तृत्वाचे कौतुक नव्हते. सभासदांना ठाऊक असे, की या माणसाने कागद वाचलेले आहेत.

येथेच त्यांच्या वकिलीचा खरा अर्थ कळतो. त्यांनी वकिली सोडली, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यांनी न्यायालय तेवढे बदलले. चांगला वकील पुरावा गोळा केल्याशिवाय उभा राहत नाही, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहूनही नीट समजून घेतो, त्याची अप्रतिष्ठा करीत नाही, निकाल विरुद्ध गेला तर दगड उचलत नाही, आणि अपील केल्यावाचून राहत नाही. विरोधी पक्षाचे काम याहून निराळे ते काय? १९६० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी देशव्यापी संप केला आणि सरकारने अध्यादेश काढून तो बेकायदा ठरविला, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या नेत्यांत नाथ पै होते. कारकून, पोस्टमन, तारमास्तर अशा सामान्य पगारदारांचे गाऱ्हाणे त्यांनी रस्त्यावर मांडले आणि सभागृहातही मांडले. रस्ता आणि सभागृह ही त्यांच्या दृष्टीने परस्परांची वैरी नव्हती. रस्त्यावर मागणी जन्माला येते, सभागृहात तिला कायद्याचे रूप मिळते. एक सोडून दुसरे धरणारा शेवटी दोन्ही गमावतो.

आणि चिकाटी? कोकणात आगगाडी यावी, ही मागणी त्यांनी संसदेत ज्या काळी लावून धरली, त्या काळी ती कित्येकांना अरण्यरुदन वाटली असेल. सह्याद्रीचे कडे, खाड्या, नद्या, भरमसाट खर्च. कारणांना तोटा नव्हता. नाथ पै गेले. त्यांच्या जागी १९७१ साली राजापूरने मधू दंडवते यांना निवडले. त्यांनी तीच मागणी पुढे नेली. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. मागणारा आणि फळ पाहणारा एकच असतो असे नाही. परंतु मागणीचा धागा तुटू दिला नाही, तर एका पिढीचे अरण्यरुदन दुसऱ्या पिढीचे वेळापत्रक बनते, हे वेंगुर्ल्याच्या या सुपुत्राने लावलेल्या रोपाने सिद्ध केले.

त्यांच्या संसदीय कार्यातील सर्वांत गाजलेले आणि सर्वांत वादग्रस्त प्रकरण म्हणजे त्यांचे घटनादुरुस्ती विधेयक. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निर्णय दिला, की मूलभूत हक्कांचा संकोच होईल अशी घटनादुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेस नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नाथ पै यांनी हा अधिकार संसदेस पुन्हा मिळावा म्हणून खासगी विधेयक मांडले. विधेयक आणणारा विरोधी पक्षाचा. आणि त्याने वाढणारे सामर्थ्य बहुमतवाल्या सरकारच्या हाती जाणारे! स्वतंत्र पक्षाने त्यास कडाडून विरोध केला. पालखीवाला यांच्यासारख्या कायदेपंडितांनी धोक्याची घंटा वाजविली. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीपुढे गेले, त्यावर देशभर चर्चा झाली, आणि १९७० च्या डिसेंबरात लोकसभाच विसर्जित झाल्याने ते मंजुरीवाचून राहिले. १९७१ साली सरकारने आणलेल्या चोविसाव्या घटनादुरुस्तीत मात्र त्यातील मूळ तत्त्व उतरले. तोवर नाथ पै या जगात नव्हते.

या विधेयकाबाबत आम्ही आंधळी भक्ती करणार नाही. नाथ पै यांची भूमिका तत्त्वाची होती. सार्वभौमत्व लोकांचे आहे. एका पिढीने लिहिलेल्या घटनेने पुढच्या पिढ्यांचे हात कायमचे बांधू नयेत. गरिबाच्या हिताचा कायदा मालमत्तेच्या हक्काच्या खडकावर फुटू नये, असे त्यांना वाटत होते. पण त्यांच्या टीकाकारांची भीतीही पोकळ नव्हती. १९७३ च्या एप्रिलमध्ये केशवानंद भारती खटल्यात सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने न्यायालयाने मध्यममार्ग काढला: संसदेस घटना दुरुस्त करता येईल, पण तिचा मूळ साचा मोडता येणार नाही. दोनच वर्षांनी, २५ जून १९७५ रोजी आणीबाणी आली, आणि बहुमताच्या बळावर संसदेकडून काय काय करून घेता येते, ते देशाने उघड्या डोळ्यांनी पाहिले. नाथ पै जगले असते, तर आपल्या विधेयकाचा त्यांनी स्वतःच पुनर्विचार केला असता काय? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या तोंडी घालण्याचा आम्हांस अधिकार नाही.

परंतु आणीबाणीने दुसरीही एक गोष्ट दाखविली, आणि ती नाथ पै यांच्या बाजूने साक्ष देते. १९७६ च्या एप्रिलमध्ये नागरिकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने बहुमताने आपले दार लावून घेतले. संसदेने मान टाकली, न्यायालयाने पाठ फिरविली, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. मग लोकशाही वाचविली कोणी? १९७७ च्या मार्चमध्ये मतपेटीपाशी गेलेल्या सामान्य माणसाने. शेवटचा न्यायाधीश मतदार आहे, या श्रद्धेवर नाथ पै यांनी आपले आयुष्य उभे केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी ती श्रद्धा खरी ठरली. आणि त्यांचे वारसदार मधू दंडवते यांनी आणीबाणीतील कारावास भोगला तो बंगळूरच्या तुरुंगात, कर्नाटकाच्या राजधानीत. लोकशाहीच्या लढ्यास राज्यांच्या सीमा नसतात, हे सीमावासीयांनी विशेष ध्यानी ठेवावे.

आता आमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे वळू. महाजन आयोग १९६६ च्या ऑक्टोबरात नेमला गेला आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहवाल दिला. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली होती. आयोगाने २६४ गावे महाराष्ट्रास, २४७ म्हैसूरला देण्याची शिफारस केली, आणि बेळगाव शहर म्हैसुरातच ठेवले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. त्या काळी बेळगावच्या मराठी माणसाचे मत राजापूरच्या पेटीत पडत नव्हते. नाथ पै यांना आमच्याकडून एकही मत मिळण्यासारखे नव्हते, तरी आमचा कैवार घेताना त्यांनी कधी मतांचा हिशेब केला नाही. ज्यांची मते आपल्याला कधीच मिळणार नाहीत, त्यांच्यासाठी झिजणारे प्रतिनिधी कोणत्याही काळी विरळाच.

पुढे २००४ साली महाराष्ट्राने घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तारखांमागून तारखा पडल्या. वकिलांच्या पथकामागून पथके नेमली गेली. त्यात दोन दशकांहून अधिक काळ लोटला. दावा दाखल झाला तेव्हा शाळेत असलेली मुले आज स्वतःच्या मुलांना शाळेत घालीत आहेत. दाव्याचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. न्याय मागणे हा सुसंस्कृत मार्ग आहे, आणि तो आम्ही सोडता कामा नये. पण न्यायालयावर सारा भार टाकून आम्ही उरलेले दार विसरलो, हे कबूल केले पाहिजे. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधिमंडळांचे मत मागवावे लागते. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. साध्या बहुमताने असा कायदा होऊ शकतो. मात्र राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून असे विधेयक मांडता येत नाही. म्हणजेच केंद्र सरकारचे मन वळविल्याशिवाय गत्यंतर नाही. या दाव्यात कर्नाटकाचा बचावच मुळी असा आहे, की सीमा ठरविणे हे न्यायालयाचे नव्हे, संसदेचे काम. ठीक आहे! मग संसदेत हा प्रश्न किती वेळा, किती अभ्यासाने, किती जणांनी मांडला, याचा हिशेब महाराष्ट्राला विचारण्याचा आम्हांस हक्क आहे.

महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ आणि राज्यसभेवर १९ सभासद जातात. नाथ पै यांच्या पक्षाजवळ तेरा होते. सदुसष्टांनी तेरांच्या निम्म्यानेही अभ्यास केला, तर दिल्लीत या प्रश्नाला आज आहे त्याहून निराळे वजन येईल. पण महाराष्ट्राचे पुढारी सीमाभागाची आठवण निवडणुकीच्या मोसमात काढतात; बेळगावात येऊ दिले नाही, म्हणून सरहद्दीवर छायाचित्रे काढून घेतात आणि परत फिरतात. नाथ पै यांनी या विषयाचा असा बाजार कधी मांडला नाही.

तथापि दुसऱ्याकडे बोट दाखविताना तीन बोटे आपल्याकडे वळलेली असतात. एके काळी कर्नाटकाच्या विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार ताठ मानेने बसत. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार विधानसभेत पोचला नाही. याचा दोष मराठी मतदाराच्या माथी मारणे सोपे आहे. पण एका घराच्या दोन चुली, दोन चुलींच्या चार चुली आम्हीच केल्या. एकाच मतदारसंघात भाऊबंदकी मांडली. आणि तरुणाने नोकरी, पाणी, शाळा यांविषयी विचारले, तर त्याला १९५६ चा इतिहास ऐकवून गप्प बसविले. इतिहास पूज्य आहे. पण तो तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. नाथ पै आपल्या मतदाराशी कोकणच्या आगगाडीविषयी बोलत आणि संसदेत घटनेविषयी. पोटाचा प्रश्न आणि तत्त्वाचा प्रश्न त्यांनी कधी तोडले नाहीत.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आमचा लढा कन्नड भाषेशी नाही आणि कन्नड शेजाऱ्याशी तर नाहीच. एकाच बाजारात आपण भाजी घेतो, एकाच दवाखान्यात रांगेत बसतो, एकमेकांच्या लग्नांत जेवतो. एखाद्या बसला काळे फासले किंवा एखादा फलक फोडला, की विलीनीकरण एक पाऊलही जवळ येत नाही. उलट आमच्याविषयी सहानुभूती असलेला कन्नड माणूस मात्र दूर जातो. दुसऱ्या बाजूचे अतिरेकी हेच करतात, हे उत्तर वकिलाचे नव्हे. घटनेची ३५० अ आणि ३५० ब ही कलमे सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ सालीच आली: प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून सोयी करणे, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमणे. हे आधार आमच्या हाती आहेत. ते वापरण्यासाठी दगड लागत नाही, अर्ज लागतो. आणि अर्जामागे पुरावा लागतो.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. गावागावातील मराठी शाळांची, पटसंख्येची, नाकारलेल्या मराठी कागदपत्रांची, फलकांची आणि अर्जांची नोंद तारीखवार ठेवणारे एक कायमचे कार्यालय सीमाभागात उभे राहावे. सीमाभागातील तरुण वकिलांनी आठवड्यातील काही तास त्यास द्यावेत. तेथे तयार झालेली माहिती महाराष्ट्राच्या प्रत्येक खासदाराच्या हाती प्रत्येक अधिवेशनापूर्वी पडावी आणि अधिवेशनानंतर, तुम्ही तिचे काय केलेत, असा जबाब त्याला विचारला जावा. समितीच्या सर्व गटांनी निवडणुकीपूर्वी एका पंगतीत बसावे. यात डोळे दिपविणारे काहीच नाही. पण नाथ पै यांच्या दिपविणाऱ्या भाषणांच्या मागे रात्र-रात्र चाललेले असेच न दिसणारे काम होते.

१७ जानेवारीला आपण हुतात्म्यांसमोर मस्तक नमवितो. १८ जानेवारीला ते मस्तक कामाला लावले, तरच आदल्या दिवसाच्या नमनाला अर्थ. आमच्यासाठी मरणारे आम्हांला मिळाले. आमच्यासाठी बोलणारा एक थोर वकील मिळाला, आणि तोही आमच्याच शहरात, आमचीच बाजू मांडून, निघून गेला. खटला अजून संपलेला नाही. पुढची उलटतपासणी आपली आहे.